एडिटर उघडायला रोज तीन-चार मिनिटं लागतायत? नेमकं कुठं अडतंय ते असं शोधा

फॉरमॅट मारला की आठवडाभर सगळं पळतं आणि दोन महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कोल्हापुरात राजारामपुरी-शाहूपुरीतली छोटी सॉफ्टवेअर ऑफिसं, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कारखान्याची ईआरपी (हिशेब-साठ्याचं सॉफ्टवेअर) सांभाळणारी मंडळी, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅब, सगळीकडं तक्रार एकच असते. व्हीएस कोड, अँड्रॉइड स्टुडिओ किंवा व्हिज्युअल स्टुडिओ असा कोड लिहायचा एडिटर सकाळी पहिल्यांदा उघडताना तीन-चार मिनिटं खातो आणि दुपारी तोच अर्ध्या मिनिटात उघडतो. त्यावर उपायही ठरलेले: रॅम टाका, नाहीतर विंडोज नव्यानं टाका. कधीकधी फरक पडतो, पण टिकत नाही. ज्या गोष्टीपाशी मशीन अडत होतं ती शोधलेलीच नसते. फॉरमॅटनंतर तीच एक्स्टेन्शन्स (एडिटरला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) परत येतात, तीच नेटवर्क ड्राइव्ह परत जोडली जाते, टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये त्याच ओळी परत पडतात.

म्हणून काहीही बदलण्याआधी एवढंच बघा: टूल उघडत असताना मशीन नेमकं काय करतंय? डिस्क राबतेय, प्रोसेसर राबतोय, की कुणीच राबत नाही आणि टूल नुसतं कशाची तरी वाट बघत बसलंय? या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. वाट बघणाऱ्या टूलला रॅम देऊन काही होत नाही आणि डिस्क गुदमरली असेल तर एक्स्टेन्शन काढून फारसा फरक पडत नाही.

(कमांड आणि मेन्यूंची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची.)

आधी मोजा

मोबाइलवरचं स्टॉपवॉच पुरेसं आहे. तीन टप्प्यांचा वेळ टिपा: आयकॉनवर क्लिक केल्यापासून खिडकी दिसेपर्यंत, खिडकी दिसल्यापासून फाइलमध्ये टाइप करता येईपर्यंत, आणि तिथून ऑटोकम्प्लीट किंवा 'गो टू डेफिनिशन' चालू होईपर्यंत. पहिल्या टप्प्यात उशीर असेल तर संशय डिस्क, अँटिव्हायरस किंवा नेटवर्कवर. दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर एक्स्टेन्शन, प्लगइन, इंडेक्सिंग (प्रोजेक्टच्या फाइली चाळून शोधसूची बनवणं).

हे दोनदा करायचं. एकदा मशीन रीस्टार्ट करून, एकदा टूल बंद करून लगेच पुन्हा उघडून. दुसऱ्या वेळी फाइली रॅममधल्या कॅशेतून येतात, म्हणून वेळ कमी लागतो. पहिल्यांदा तीन मिनिटं आणि दुसऱ्यांदा वीस सेकंद लागले तर डिस्कवरून वाचणं आणि त्या वाचण्यावर होणारी तपासणी हेच मुख्य कारण. दोन्ही वेळा तेवढाच वेळ लागला तर डिस्क सोडा, पुढं बघा.

इथं एक खोड आहे. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा खऱ्या अर्थानं बंद होत नाही, तो डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तसाच उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, खाली 'अप टाइम' बघा. रोज रात्री मशीन बंद करूनही तिथं अकरा दिवस दिसत असतील तर हेच चाललंय. अडकलेला एखादा ड्रायव्हर किंवा सर्व्हिस त्यामुळं दिवसेंदिवस तशीच राहते. मोजण्यासाठी नेहमी 'रीस्टार्ट' वापरा आणि लॉगिननंतर किमान पाच मिनिटं जाऊ द्या. त्या पाच मिनिटांत क्लाउड सिंक, अपडेट तपासणं, डॉकर डेस्कटॉप असं सगळं एकदम उठलेलं असतं. त्या गर्दीत एडिटर उघडला तर दोष एडिटरचा धरू नका. डॉकर रोज लागत नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये लॉगिनबरोबर सुरू होणं बंद करा. नुसत्या एवढ्यानंही पुष्कळ मशीन सुटतात.

आता टूल उघडत असताना टास्क मॅनेजर बाजूला ठेवा. डिस्क ९० ते १०० टक्क्यांवर टेकली असेल तर पहिला प्रकार. प्रोसेसरचा आकडा बघताना मात्र फसू नका: आठ थ्रेडच्या प्रोसेसरवर एकच थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा साडेबारा टक्केच दिसतो, आणि 'सीपीयू तर रिकामा आहे' असा समज होतो. ग्राफवर उजवं क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर्स' असं दृश्य निवडा. काही सेकंद एखादी चौकट भरलेली दिसली, किंवा भार एकीवरून दुसरीवर उडताना दिसला, तर तो दुसरा प्रकार. डिस्क शांत, प्रोसेसर शांत आणि खिडकी मात्र पांढरी, तर तिसरा.

डिस्क राबत असेल तर

७२०० आरपीएमची हार्ड डिस्क सलग मोठी फाइल बऱ्यापैकी वेगानं वाचते, पण विखुरलेल्या छोट्या फाइली सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपासच उचलू शकते. साधा साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला अशा हजारो फाइली उचलतो. डेव्हलपमेंट टूल्सचं सगळं कामच छोट्या फाइलींचं आहे. मध्यम आकाराच्या जावास्क्रिप्ट प्रोजेक्टच्या 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये हजारो फाइली सहज असतात, आणि एडिटर, गिट, अँटिव्हायरस, विंडोजचा सर्च इंडेक्सर, चौघंही त्याच फोल्डरवर एकाच वेळी तुटून पडतात. हार्ड डिस्क असेल तर बाकीचं समायोजन करण्यात वेळ घालवू नका, एसएसडी हाच उपाय आहे.

एसएसडी असूनही डिस्क भरलेली दिसत असेल तर तीन गोष्टी बघा.

एक, मोकळी जागा. एसएसडी काठोकाठ भरली की तिला आतल्या आत जागा साफ करायला वाव राहत नाही आणि लिहिण्याचा वेग कोसळतो. १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा. जुने एमुलेटर (मशीनवर चालणारे नकली फोन), ग्रेडलच्या (अँड्रॉइडचं ॲप बांधणारं टूल) जुन्या आवृत्त्यांची कॅशे, डॉकरच्या न लागणाऱ्या इमेज, ही जागा खाणारी नेहमीची नावं.

दोन, रॅम अपुरी पडून होणारी अदलाबदल. रिसोर्स मॉनिटरमध्ये मेमरी टॅबवर 'हार्ड फॉल्ट्स' हा रकाना असतो. टूल उघडताना तिथं शेकड्यांत आकडे सतत येत असतील तर डिस्क नुसत्या फाइली वाचत नाहीये, बहुधा रॅममधलं सामान डिस्कवर ठेवत-उचलत आहे. ८ जीबीच्या मशीनवर अँड्रॉइड स्टुडिओचं गणित मांडून बघा: विंडोज आणि ब्राउझर मिळून तीन-चार जीबी, स्टुडिओचा हीप (त्याला ठरवून दिलेली रॅम) दोन जीबी आणि वर त्याचा स्वतःचा पसारा, ग्रेडलच्या डीमनला (मागं चालू राहणाऱ्या प्रोसेसला) नव्या प्रोजेक्टमध्ये मिळणारे दोन जीबी, कॉटलिनचा डीमन वेगळा, शिवाय एमुलेटर. बसत नाही. अशा वेळी नेटवरचा सल्ला वाचून हीप चार जीबी केला की अवस्था आणखी बिघडते, कारण हीपचा काही भाग डिस्कवर ढकलला जातो आणि न लागणारी मेमरी मोकळी करण्याच्या (गार्बेज कलेक्शन) फेरीला तो परत आणावा लागतो. ८ जीबीवर एमुलेटर बंद करून यूएसबीनं खरा फोन जोडा. फरक लगेच जाणवतो.

तीन, अँटिव्हायरसची तपासणी. जुन्या मशीनवर डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरससोबत दुसरं एखादं अँटिव्हायरस अर्धवट काढलेल्या अवस्थेत असतं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून नेमकं कोण चालू आहे ते आधी बघा. अर्धवट उरलेलं असेल तर त्या कंपनीचं अधिकृत काढायचं टूल वापरूनच काढा.

डिफेंडरचा प्रत्यक्ष भार मोजता येतो. पॉवरशेल ॲडमिन म्हणून उघडा, 'न्यू-एमपीपरफॉर्मन्सरेकॉर्डिंग' ही कमांड 'रेकॉर्डटू' पुढं फाइलचं नाव देऊन चालू करा, तुमचं टूल उघडा, पूर्ण उघडलं की एंटर दाबून रेकॉर्डिंग थांबवा. मग 'गेट-एमपीपरफॉर्मन्सरिपोर्ट' त्याच फाइलवर चालवा आणि 'टॉपफाइल्स' व 'टॉपप्रोसेसेस' मागा. कुठली फाइल तपासायला किती वेळ गेला ते थेट दिसतं. बहुतेक वेळा वरच्या दहांत जार फाइली आणि इंडेक्सच्या फाइली असतात.

मग सूट द्यायची ती नेमकी द्यायची: 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', 'मॅनेज सेटिंग्ज', 'एक्स्क्लूजन्स'. ग्रेडलचं कॅशे फोल्डर, बिल्डचं आउटपुट फोल्डर आणि जेटब्रेन्स किंवा अँड्रॉइड स्टुडिओचं 'लोकल ॲपडेटा'खालचं सिस्टिम फोल्डर, जिथं इंडेक्स राहतात. एवढं पुरे. आख्खी डी ड्राइव्ह, डाउनलोड्स किंवा युजरचं सगळं फोल्डर वगळायचं नाही. पॅकेजच्या आडून घातक कोड येण्याचे प्रकार खरोखर घडतात, आणि एनपीएमवरून (जावास्क्रिप्टची पॅकेज आणणारं टूल) घेतलेलं पॅकेज इन्स्टॉल होतानाच स्क्रिप्ट चालवू शकतं. दहा सेकंदांसाठी हिशेबाच्या डेटाबेसचं मशीन उघडं टाकणं परवडणारं नाही.

विंडोज ११ असेल तर 'डेव्ह ड्राइव्ह' हा याहून चांगला मार्ग आहे. २०२३ मध्ये आलेली ही सोय रिफएस फाइल सिस्टिमवर किमान ५० जीबीचा वेगळा विभाग करून देते, आणि डिफेंडर त्यावर 'परफॉर्मन्स मोड'मध्ये चालतं: फाइल उघडणं अडवून न ठेवता तपासणी मागाहून करतं. म्हणजे संरक्षण पूर्ण काढायची गरज पडत नाही. त्यावर सोर्स कोड आणि पॅकेजच्या कॅशे ठेवायच्या. टूल्स मात्र सी ड्राइव्हवरच राहू द्या. ग्रेडलची कॅशे हलवायला 'ग्रेडल_युजर_होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, पायथनच्या पिपसाठी 'पिप_कॅशे_डीआयआर'.

सर्च इंडेक्सरलाही प्रोजेक्टच्या फोल्डरमधून बाहेर काढा. 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' मध्ये 'मॉडिफाय' करून खूण काढली की झालं.

प्रोसेसर राबत असेल तर: व्हीएस कोड

व्हीएस कोडची खिडकी पटकन येते पण तो कामाला लागत नाही, हे लक्षण एक्स्टेन्शनचं. सगळी एक्स्टेन्शन्स एका वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात, म्हणून खिडकी दिसते, टाइपही होतं, पण लाल रेघा आणि ऑटोकम्प्लीट येत नाही. टर्मिनलमधून 'कोड --डिसेबल-एक्स्टेन्शन्स' असं उघडून बघा. वेळ निम्म्यावर आला तर पुढं जा, नाही आला तर हा भाग सोडून द्या.

कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'डेव्हलपर: शो रनिंग एक्स्टेन्शन्स' निवडा. प्रत्येक एक्स्टेन्शनसमोर जागं व्हायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिसतो. शंभर-दोनशेचे आकडे सोडून द्या, हजारांतले धरा. त्याच ओळीत ते कशामुळं जागं झालं हेही कळतं. एखादं पीएचपीचं एक्स्टेन्शन पीएचपीची फाइल उघडल्यावर जागं झालं तर ठीक. पण जे प्रत्येक वेळी, फोल्डरमध्ये त्या भाषेची एकही फाइल नसताना, सुरुवातीलाच उठतं त्याच्याकडं आधी बघा. ते कायमचं काढायची गरज नाही. 'डिसेबल (वर्कस्पेस)' केलं की फक्त या प्रोजेक्टपुरतं गप्प बसतं. भाषेप्रमाणे वेगवेगळे 'प्रोफाइल' केले तर आणखी नीटनेटकं: रिॲक्टसाठी एक, पायथनसाठी एक, आणि प्रत्येकात लागतील तेवढीच एक्स्टेन्शन्स.

यादी बघूनही दोषी सापडत नसेल तर 'हेल्प: स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट'. हे निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून विचारतं, त्रास आहे का? उत्तर द्या, ते पुन्हा निम्मी करतं. चाळीस एक्स्टेन्शन्स असली तरी सहा फेऱ्यांत नाव हातात येतं.

फाइलींवर पाळत ठेवण्याचा भारही इथंच पडतो. सेटिंगमध्ये 'फाइल्स: वॉचर एक्स्क्लूड' मध्ये बिल्ड, डिस्ट, टार्गेट, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट आणि डेटासेटची फोल्डर घाला. एक चूक फार जणांकडून होते: प्रोजेक्टऐवजी त्याच्या वरचं, सगळ्या ग्राहकांची कामं असलेलं फोल्डर उघडायचं. मग एडिटर वीस प्रोजेक्ट एकदम चाळायला लागतो. जेवढं काम तेवढंच फोल्डर उघडा.

गिटचं पॅनेल गरगरत राहत असेल तर टर्मिनलमध्ये 'गिट स्टेटस' ला किती वेळ लागतो ते बघा. पाच सेकंदांच्या वर असेल तर त्या रेपॉझिटरीत 'कोअर.एफएसमॉनिटर' आणि 'कोअर.अनट्रॅक्डकॅशे' दोन्ही 'ट्रू' करा. विंडोज आणि मॅकवर गिट २.३७ पासून फाइल मॉनिटर गिटमध्येच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.

अँड्रॉइड स्टुडिओ आणि इंटेलिजे

प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडताना इंडेक्सिंग होणारच, ते होऊ द्या. रोज सकाळी पूर्ण इंडेक्सिंग होत असेल तर ते मात्र बरोबर नाही. त्याची तीन कारणं असतात: आदल्या दिवशी टूल नीट बंद न होता मशीन बंद पडलं, कुठलं तरी क्लीनर सॉफ्टवेअर रात्री कॅशे फोल्डर साफ करतं, किंवा बिल्डमधून तयार होणाऱ्या फाइलींचं फोल्डर प्रोजेक्टचा भाग समजलं जातंय. तिसऱ्यासाठी त्या फोल्डरवर उजवं क्लिक, 'मार्क डिरेक्टरी ॲज', 'एक्स्क्लूडेड'.

'इनव्हॅलिडेट कॅशेस' हे बटण रोजच्या औषधासारखं वापरलं जातं, ते थांबवा. ते सगळे इंडेक्स फेकून देतं आणि पुढचं उघडणं हमखास सगळ्यात हळू करतं. काही बिघडल्यासारखं वाटलं तर आधी 'फाइल' मेन्यूतल्या 'कॅशे रिकव्हरी' खालचं 'रिपेअर आयडीई' वापरा. ते एकेक पायरी करत जातं आणि दुरुस्त झालं की तुम्ही तिथंच थांबू शकता.

स्टेटस बारवर उजवं क्लिक करून 'मेमरी इंडिकेटर' चालू करा. उघडल्यावर पाच मिनिटांत आकडा वरच्या मर्यादेला टेकून तिथंच राहत असेल तरच हीप वाढवा, 'हेल्प' मधल्या 'चेंज मेमरी सेटिंग्ज' मधून, आणि १६ जीबीच्या मशीनवर तीन-चार जीबीच्या पुढं जाण्याचं कारण सहसा नसतं.

ग्रेडलचा सकाळचा उशीर वेगळा असतो. ग्रेडलचा डीमन तीन तास रिकामा बसला की आपोआप बंद होतो, त्यामुळं सकाळचा आणि दुपारच्या जेवणानंतर लांबलेल्या मीटिंगनंतरचा पहिला बिल्ड थंडच असतो. दुसरं, डिपेंडन्सीची आवृत्ती '१.+' अशी मोघम लिहिलेली असेल तर ग्रेडल ती २४ तासच लक्षात ठेवतो आणि नंतर नेटवर जाऊन नवीन आलंय का ते विचारतो. रोज साडेदहाला सिंक अडतो त्यामागं कित्येकदा ही एक ओळ असते. नेमका आवृत्ती क्रमांक लिहा. तिसरं, स्टुडिओमध्ये एक जेडीके (जावाचा संच) आणि टर्मिनलमध्ये दुसरा असेल तर दोन वेगळे डीमन उभे राहतात आणि दोघंही आपापली रॅम धरून बसतात. 'ग्रेडल --स्टेटस' नं किती चालू आहेत ते दिसतं. दोन्हीकडं एकच जेडीके द्या.

व्हिज्युअल स्टुडिओबद्दल थोडक्यात: 'डेव्हएन्व्ह /सेफमोड' नं उघडून बघा. तसं पटकन उघडत असेल तर बाहेरची एक्स्टेन्शन्स तपासा. एकच सोल्युशन हळू उघडत असेल तर ते बंद करून त्याच्या फोल्डरमधलं '.व्हीएस' हे लपलेलं फोल्डर दुसरीकडं हलवा. उघडलेल्या फाइली, ब्रेकपॉइंट अशी तुमची मांडणी जाईल, कोडला काही होत नाही.

कुणीच राबत नसेल तर

हा प्रकार सगळ्यात कमी ओळखला जातो आणि सापडला की सगळ्यात पटकन सुटतो. डिस्क आणि प्रोसेसर शांत, आणि उशीर दर वेळी जवळजवळ तेवढाच: पाच सेकंद, दहा, वीस, तीस. असा ठरलेला उशीर म्हणजे टाइमआउट. टूलनं कुणाला तरी हाक मारली, उत्तर आलं नाही, ठरलेला वेळ संपल्यावर ते पुढं गेलं. डिस्कचा उशीर असा काटेकोर कधीच नसतो.

पहिली परीक्षा अगदी सोपी. वायफाय बंद करा, लॅन केबल काढा आणि टूल उघडा. नेटशिवाय ते लवकर उघडलं तर कारण नेटवर्कमध्येच आहे. मग एकेक बघा.

मेलेली नेटवर्क ड्राइव्ह. समजा झेड ड्राइव्ह शिरोलीच्या कारखान्यातल्या जुन्या सर्व्हरकडं जोडलेली आहे. सर्व्हर बदलला, त्याचा आयपी बदलला, लॅपटॉप आता राजारामपुरीतून चालतो. पण 'रिसेंट प्रोजेक्ट्स' मध्ये झेडवरचे तीन प्रोजेक्ट अजून आहेत, आणि टूल उघडताना ते तिन्ही आहेत का हे विचारतं. कमांड प्रॉम्प्टवर 'नेट यूज' टाइप करा. 'अनअव्हेलेबल' किंवा 'डिस्कनेक्टेड' दिसणारी ड्राइव्ह 'नेट यूज झेड: /डिलीट' नं काढा आणि रिसेंटची यादी साफ करा. 'पाथ' व्हेरिएबलमध्येही झेडवरचं एखादं फोल्डर राहिलेलं असतं, ते विसरू नका. पाथच्या सुरुवातीलाच ते असलं तर प्रत्येक कमांड आधी तिथं जाऊन येते.

प्रॉक्सी (नेटला जाताना मधे लागणारा सर्व्हर) शोधणं. विंडोजच्या सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी इथं 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' चालू असतं. ऑफिसला प्रॉक्सी नसेल तर ते बंद करून बघा. उलटही होतं: कॉलेजच्या लॅबमधली प्रॉक्सी एनपीएम, गिट किंवा ग्रेडलच्या सेटिंगमध्ये लिहिलेली असते आणि घरी आल्यावर तो पत्ता कुठंच नसतो.

नावाचा शोध. लिनक्स आणि मॅकवर मशीनचं नाव 'होस्ट्स' फाइलमध्ये नसलं की जावावर चालणारी टूल्स स्वतःच्याच मशीनचा पत्ता शोधत बसतात. लिनक्समध्ये एका डीएनएस प्रश्नाचा मूळ टाइमआउट पाच सेकंदांचा आहे, म्हणून पाचाच्या पटीतला उशीर दिसला की आधी '/ईटीसी/होस्ट्स' उघडा आणि '१२७.०.०.१' च्या ओळीत मशीनचं नाव घाला.

तरीही उलगडत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं 'प्रोसेस मॉनिटर' चालवा. टूलच्या नावाचा फिल्टर लावा, 'ड्युरेशन' हा रकाना उघडा, टूल उघडा आणि खिडकी आली की नोंदणी थांबवा. वेळेच्या रकान्यात दोन ओळींमध्ये जिथं मोठी फट दिसेल, तिच्या लगेच आधीची ओळ वाचा. तिथं दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पत्ता दिसला की शोध संपला. 'टूल्स' मधलं 'फाइल समरी' कुठल्या फोल्डरवर किती वेळ गेला तेही मांडून देतं.

टर्मिनलच उघडायला वेळ

पॉवरशेल स्वतःहून सांगतो: 'लोडिंग पर्सनल अँड सिस्टिम प्रोफाइल्स टुक…' आणि पुढं मिलिसेकंद. अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं की ही ओळ येते. '-नोप्रोफाइल' देऊन उघडल्यावर लगेच उघडत असेल तर प्रोफाइलची फाइल उघडा. तिथं बहुधा कोंडाची (पायथनची एन्व्हायर्नमेंट सांभाळणारं टूल) सुरुवातीची ओळ, रंगीत प्रॉम्प्ट आणि दोन-तीन मॉड्यूल असतात. कोंडाचं 'बेस' आपोआप सुरू होणं बंद करा. बॅश किंवा झेडशेलमध्ये नेहमीचा दोषी एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या बदलणारं टूल): त्याची ओळ '--नो-यूज' लावून लिहिली की बराच फरक पडतो. झेडशेलमध्ये फाइलच्या पहिल्या ओळीत 'झेडप्रोफ' मॉड्यूल लोड करून शेवटी 'झेडप्रोफ' लिहिलं तर कुणी किती वेळ खाल्ला त्याची यादीच मिळते.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) वापरत असाल आणि प्रोजेक्ट '/एमएनटी/सी' खाली असेल तर प्रत्येक फाइलसाठी लिनक्समधून विंडोजकडं जाऊन यावं लागतं. सेटिंग कितीही बदला, हा भार जात नाही. प्रोजेक्ट लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये हलवा. डब्ल्यूएसएल मशीनची निम्मी रॅम घेऊ शकतं, म्हणून युजर फोल्डरमधल्या '.डब्ल्यूएसएलकॉन्फिग' मध्ये मर्यादा घाला आणि 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करा.

वीज, धूळ आणि उन्हाळा

आपल्याकडं वळवाच्या पावसात संध्याकाळी वीज जाते ती टूल उघडं असतानाच. इंडेक्सची फाइल अर्धी लिहून राहते, दुसऱ्या दिवशी टूल ती बाद ठरवतं आणि सगळं नव्यानं बनवतं. म्हणजे एप्रिल-मेमधल्या कित्येक 'स्लो सकाळीं'चं मूळ आदल्या संध्याकाळी असतं. डेस्कटॉपला यूपीएस हवाच. साध्या डेस्कटॉप-मॉनिटरला ६०० व्हीएचा चालतो, पण त्याचा उपयोग काम चालू ठेवायला नाही, टूल बंद करून मशीन नीट शट डाउन करायला. बॅटरी दोन-तीन मिनिटंच टिकत असेल तर बदला. राउटरही यूपीएसवर घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण वीज आल्यावर राउटर पुन्हा जोडला जाईपर्यंतच्या मिनिटा-दोन मिनिटांत उघडलेलं टूल वर सांगितलेल्या टाइमआउटांत अडकतं.

फौंड्रीच्या आवारातल्या मशीनवर वेगळाच प्रकार. बारीक काळी धूळ हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते, पंखा फिरताना दिसतो पण हवा पलीकडं जात नाही. वर पत्र्याचं छत. प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमधला 'स्पीड' हा आकडा टूल उघडताना 'बेस स्पीड'च्या बराच खाली दिसला तर 'एचडब्ल्यूइन्फो' मध्ये 'थर्मल थ्रॉटलिंग' समोर 'येस' आहे का बघा. असेल तर साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो उलटा-सुलटा वेगानं फिरून बेअरिंग जातं. फौंड्रीच्या धुळीत लोखंडाचे कण असू शकतात, ती वीज वाहू शकते, म्हणून मशीन पूर्ण बंद करून, केबल आणि लॅपटॉपची बॅटरी काढूनच हे करा.

लॅपटॉपचा वेग ०.८ गिगाहर्ट्झ किंवा त्याहून खाली अडकून बसला असेल आणि तापमान कमी असेल तर चार्जर बघा. मूळ ६५ वॉटचा असताना ४५ वॉटचा किंवा डुप्लिकेट लावला की काही लॅपटॉप वेग मुद्दाम दाबून ठेवतात. चार्जर काढून बॅटरीवर वेग वाढला तर खात्री झाली.

सामान बदलायची वेळ आलीच तर

बदलण्याआधी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' चालवा. साटा डिस्कवर ०५ किंवा सी५ या ओळींचा कच्चा आकडा शून्याहून जास्त असेल आणि आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क जाते आहे. त्याच दिवशी बॅकअप घ्या, वेगाचं नंतर बघा. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क ठीक असून साटाची केबल खराब असण्याची शक्यता जास्त. ती थोडक्या पैशांत मिळते.

हार्ड डिस्कचं मशीन असेल तर आधी एसएसडी, मग रॅम. जुन्या लॅपटॉपमध्ये एम.२ चा खाचा दिसला म्हणून लगेच एनव्हीएमई घेऊ नका. काही खाचे फक्त साटाच चालवतात, आणि दोन्हींचा आकार बाहेरून सारखाच दिसतो. मॉडेलचं मॅन्युअल उघडून त्या खाच्यापुढं 'पीसीआयई' लिहिलंय का ते बघा आणि मगच दुकानात जा. रॅम घालताना आधीची पट्टी डीडीआर३ आहे, डीडीआर३एल की डीडीआर४, तिचा वेग किती, हे 'सीपीयू-झेड' च्या 'एसपीडी' टॅबवर दिसतं (दुसरा स्लॉट खरोखर आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा). त्या पानाचा फोटो मोबाइलवर घेऊन दुकानदाराला दाखवा.